अर्धंच उघडलेलं फाटक

दसऱ्याला आठवडा होता. पांढरकवड्याच्या पुढे, आदिलाबादच्या रस्त्यापासून आत असलेल्या एका वावरात एक आजी कापसाच्या झाडापुढे बसली होती. झाडाच्या बुडाशी पळसाच्या पानावर दहीभात, बाजूला हळदीकुंकू. पहिल्या वेच्याआधी विदर्भात ही पूजा करतात, तिला सीतादही म्हणतात. आजीने दह्याचे थेंब झाडावर शिंपडले, दोन बोंडं वेचून ओटीत घेतली आणि मागे उभ्या असलेल्या बायांना हात केला. वेचणी सुरू झाली.

धुऱ्यावर तिचा मुलगा मोबाइल आभाळाकडे धरून उभा होता. भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या सीसीआयने, २०२५-२६ च्या हंगामापासून हमीभावाने कापूस घेण्यासाठी 'कपास किसान' नावाच्या ॲपवर नोंदणी सक्तीची केली आहे. आधार, सातबारा, पीकपेऱ्याची नोंद, सगळं त्यात चढवायचं. सातबारा चढत नव्हता. चढला असता तरी निम्मंच काम झालं असतं, कारण घरच्या पाच एकरांशिवाय आणखी चार एकर त्याने मक्त्याने केले आहेत आणि त्यांच्या सातबाऱ्यावर नाव मालकाचं आहे. मालक नागपुरात.

"त्या चार एकराचा कापूस कोनाच्या नावानं नेऊ, ताई?" त्याने विचारलं. मग स्वतःच म्हणाला, "व्यापाऱ्यालेच द्या लागन."

मी त्या गावात गेले होते एका तारखेच्या मागावर. १८ ऑगस्ट २०२५ ला केंद्र सरकारने आदेश काढला आणि परदेशातून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क दुसऱ्या दिवसापासून उठवलं. मुदत ३० सप्टेंबरपर्यंत. तेव्हा सरकारी बाजूने सांगण्यासारखं होतं की या काळात शेतकऱ्याच्या घरात कापूस नसतोच, मग त्याचं नुकसान कसं होईल? दहा दिवसांनी, २८ ऑगस्टला, मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोणत्याही शाळकरी पोराला विचारा, ऑक्टोबर ते डिसेंबर हे वेचणीचे महिने. घरात पैसा येण्याचे हेच महिने, आणि संरक्षण उठलं तेही नेमकं याच महिन्यांपुरतं.

मागे घेणं हा शब्द आपल्या राजकारणात चांगल्या अर्थाने रुळलेला आहे. भाववाढ मागे घ्या, दरवाढ मागे घ्या. अर्थमंत्री असताना यशवंत सिन्हा इतक्यांदा मागे सरकले की त्यांना 'रोलबॅक सिन्हा' हे नावच पडलं. शहरातल्या माणसाला मागे घेणं म्हणजे सुटका वाटते. कापूसवाल्याच्या मात्र तोच शब्द ऐकला की पोटात गोळा येतो. आपलं काय मागे घेतलं जाणार आहे, हे त्याला आधी कळत नाही. गेल्या पन्नास वर्षांत त्याच्या भोवतीचे बरेच नियम घातले गेले आणि काढले गेले. मला पाहायचं होतं की त्यातले कुठले निघाले आणि कुठले राहिले.

मुळापासून पाहावं म्हणून वाट वाकडी करून आधी कारंजा लाडला गेले. वाशीम जिल्ह्यातलं हे गाव जैनांच्या आणि दत्तभक्तांच्या नकाशावर ठळक आहे, पण बाजाराच्या इतिहासातही त्याचं नाव पहिलं येतं. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने इथला कापसाचा बाजार नियमाखाली आला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून पुस्तकांत तो नोंदलेला आहे. पुढे १८९७ मध्ये सगळ्या वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. आजच्या बाजार समित्यांचं मूळ तिथे आहे.

हा नियम शेतकऱ्याच्या कळवळ्यातून आला असं कुणाला वाटत असेल तर त्याने त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं पाहावीत. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवला. १८७० मध्ये खामगावच्या रेल्वेफाट्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. एका तालुक्याच्या गावी व्हाइसरॉय येतो तो गाव पाहायला येत नाही. गिरण्यांना स्वच्छ, बिनभेसळीचा कापूस ठरल्या भावात हवा होता आणि त्यासाठी काटा, जागा आणि दलाल यांना शिस्त लावणं भाग होतं. शेतकऱ्याला खऱ्या काट्याचा फायदा झाला हे खरं, पण तो वरकड.

आज कारंजाच्या आवारात उभं राहिलं तर सव्वाशेहून जास्त वर्षांत पद्धत फारशी बदललेली दिसत नाही. बैलगाड्यांच्या जागी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि 'छोटा हत्ती' आले. लिलाव पुकारणारा अजूनही गाडीवर चढतो, मूठभर कापूस उपसतो, दोन्ही चिमटींत धरून ताणतो आणि तुटलेल्या धाग्याच्या टोकाकडे पाहून मनात भाव ठरवतो. नवीन आलंय ते ओलावा मोजायचं यंत्र. त्याची दांडी कापसात खुपसली की आकडा दिसतो. सीसीआयच्या नियमाने ८ टक्के ओलावा असेल तर पूर्ण भाव, त्यावर दर टक्क्याला भावात एक टक्का कपात, आणि १२ च्या वर गेला की कापूस परत. २०२५ मध्ये सप्टेंबरभर पाऊस होता. त्या दिवशी मी पाहिलेल्या पाच गाड्यांत एकही १२ च्या खाली नव्हती.

*

एकाधिकार खरेदीचा काळ पाहिलेला माणूस मला पांढरकवड्याच्याच बाजूला भेटला. वय पंच्याहत्तरच्या पुढे, डोक्याला पांढरा दुपट्टा. गावात त्यांना सगळे 'दादाजी' म्हणतात. योजना मुळात काय होती ते आधी सांगायला हवं, कारण तिशीच्या आतल्या वाचकाला हे ऐकूनही माहीत नसेल.

मुख्यमंत्री वसंतराव नाईक हे पुसदचे, म्हणजे कापसाच्याच मुलखातले. त्यांच्या काळात १९७१ मध्ये महाराष्ट्र कच्चा कापूस कायदा झाला आणि १९७२ पासून राज्यात कापूस विकत घेण्याचा हक्क फक्त सरकारकडे आला. खरेदी पणन महासंघामार्फत. शेतकऱ्याने दुसऱ्या कुणाला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. व्यापारी, दलाल, जिनिंगवाले यांच्या साखळीतून शेतकऱ्याला सोडवायचं, हमीभाव हातात द्यायचा, मग सरकारने रुई आणि सरकी विकून जो नफा होईल त्यातला वाटाही त्याला द्यायचा, अशी कल्पना. काही रक्कम भाव पडला तर उपयोगी यावी म्हणून निधीत राहायची. कागदावर ही योजना इतकी नेटकी होती की ती चालली नाही याचं आजही वाईट वाटतं.

प्रत्यक्षात काय होई? दिवाळीनंतर खरेदी केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग लागे. दोन-दोन, तीन-तीन रात्री माणसं गाडीखाली झोपत. ग्रेडर गाडीपाशी येई आणि कापसाकडे पाहून ग्रेड सांगे. त्याच्या तोंडून निघालेला एक शब्द म्हणजे क्विंटलमागे किती रुपये हे सगळ्यांना पाठ असे. पैशाला तिकडे 'चुकारा' म्हणतात. तो हप्त्याहप्त्याने येई. लग्नाच्या तारखा चुकाऱ्याच्या भरवशावर धरायच्या आणि पुढे ढकलायच्या, हे घरोघरचं. भाव शेजारच्या राज्यात चढला की कापूस रात्री सीमेकडे निघे.

"नाक्यावर पोलीस राहे," दादाजी सांगत होते. "आमी रस्त्यानं जातच नव्हतो. नाल्यानाल्यानं, खुन्नी नदीच्या वाटेनं. बैलाच्या गळ्यातली घाटी काढून ठेवू. कापूस आपला, वावर आपलं, बैल आपले, अन् चोर कोन? तं आपनच!"

हसले. मग बराच वेळ बोलले नाहीत.

शेतकरी संघटनेचं आंदोलन या दुखण्यावर उभं राहिलं. संघटनेचे नेते शरद जोशी यांनी आधी या योजनेच्या चौकटीतच रास्त भावासाठी झगडा केला. १० डिसेंबर १९८६ ला हिंगोलीजवळच्या सुरेगावला कापूस आंदोलनावर गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. पुढे संघटनेने एकाधिकाराची भिंतच पाडा म्हणून मागणी केली आणि कापसाच्या गाड्या उघडपणे सीमेपार नेण्याची आंदोलनं केली. आपल्या घामाचा माल कुठे विकायचा हे मीच ठरवीन, एवढीच ती मागणी होती. मला ती तेव्हाही बरोबर वाटत होती, आजही वाटते. पण ती मान्य झाली ती कशी आणि केव्हा, हे पाहिल्यावर घास घशात अडकतो.

नव्वदच्या दशकात राज्य सरकार हमीभावावर 'आगाऊ अतिरिक्त रक्कम' देऊ लागलं. निवडणुका जवळ आल्या की ती फुगे. जगात रुईचा भाव पडत होता, इथे महासंघ चढ्या दराने घेत होता. मग सीमेवरची वाहतूक उलटी फिरली. मध्य प्रदेश, आंध्रातला कापूस रात्री महाराष्ट्रात येऊ लागला आणि इथल्या सातबाऱ्यांवर महासंघाला विकला जाऊ लागला. दादाजींना मी हे विचारलं तेव्हा ते म्हणाले, "हो तं. वाट आमाले पाठच होती!" तोटा हजारो कोटींवर गेला.

२००२ मध्ये सरकारने खाजगी व्यापाराला कापूस घ्यायची मुभा दिली. फाटक उघडलं. योगायोग असा की त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्राने बीटी कापसाच्या बियाण्यालाही परवानगी दिली होती. म्हणजे एकाच वर्षात कापूसवाल्याची पेरणीही बदलली आणि विक्रीही. दोन्हींची जोखीम त्याच्याच डोक्यावर. या दोन बदलांचा हिशोब एकत्र मांडलेला मी फारसा कुठे पाहिला नाही.

२००४ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने क्विंटलला २,७०० रुपयांचं वचन दिलं होतं. सत्ता आली. त्या हंगामात हमीभावावर सुमारे ५०० रुपये आगाऊ मिळाले. दुसऱ्या वर्षी, २००५ मध्ये, ते ५०० रुपयेही बंद. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता १,९८० रुपये, आणि २,७०० चं वचन ऐकून पेरलेल्या माणसाच्या हाती तेवढंच. तिजोरी रिकामी आहे हे कारण खरं होतं. पण तिजोरी मतदानाच्या आधीही रिकामीच होती.

त्यानंतरची दोन वर्षं विदर्भात ज्यांनी बातमीदारी केली त्यांना त्यावर फार बोलावंसं वाटत नाही. मीही बोलणार नाही. १ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात होते. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. आत्महत्याग्रस्त हा शब्द तेव्हाच सरकारी मराठीत पक्का झाला, पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त यांच्या ओळीत जाऊन बसला.

*

आता फाटकाच्या दुसऱ्या अर्ध्याकडे येते. राज्याने खरेदीची हमी सोडली, व्यापार मोकळा केला, 'आता बाजार बघून घेईल' असं सांगितलं. ठीक. मग बाजार चढला तेव्हा काय झालं? एप्रिल २०१० मध्ये केंद्राने कापसाची निर्यात थांबवली. ५ मार्च २०१२ ला पुन्हा बंदी. त्या वेळी कृषिमंत्री शरद पवार स्वतःच्याच सरकारवर उघड चिडले, गुजरात-महाराष्ट्रात ओरड झाली आणि आठवड्याच्या आत सरकारला मागे सरकावं लागलं. पण त्या आठवड्यात ज्याने घाबरून कापूस विकला त्याचा भाव कुणी मागे आणून दिला नाही.

म्हणजे भाव पडला तर खालून धरणारा हात निघून गेला. भाव चढला तर वरून दाबणारा हात मात्र राहिला. नियम उठवले म्हणतात ते हेच. संघटनेने मागितली होती पूर्ण मोकळीक, मिळाली अर्धी, आणि अर्धी कुठली द्यायची ते दिल्लीने ठरवलं. एकाधिकाराच्या काळात निदान कुणापुढे गाडी आडवी लावायची हे माहीत होतं. महासंघाचं केंद्र तालुक्याला होतं, ग्रेडरला तोंड होतं. आता भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात हलतो आणि शुल्काचा आदेश संध्याकाळी वेबसाइटवर चढतो. घेराव घालायचा कुणाला?

आयात शुल्क २०२१ च्या अर्थसंकल्पात आलं होतं, वेगवेगळे कर धरून ११ टक्के. पुढच्याच हंगामात, २०२१-२२ मध्ये, कापसाने दहा हजारांचा आकडा ओलांडला. कित्येक वर्षांनी कापूसवाल्याने मान वर करून बाजारातून घरी यावं असा तो हंगाम. १४ एप्रिल २०२२ पासून सरकारने शुल्क माफ केलं, आधी सप्टेंबरपर्यंत, मग ऑक्टोबरपर्यंत. पुढच्या वर्षी लोकांनी दहा हजारांच्या आशेने कापूस विकलाच नाही. घरात रचला. खोलीत, ओसरीत, खाटेखाली. भाव आलाच नाही. उन्हाळ्यात त्या कापसातले किडे अंगावर आले आणि गावंच्या गावं खाजवत बसली. चर्मरोगाच्या त्या बातम्या मुंबईच्या पेपरांत मजेशीर म्हणून छापून आल्या होत्या.

गिरणीवाल्यांची बाजू मी ऐकून घेतली आहे आणि ती खोटी नाही. इचलकरंजीचा यंत्रमागवाला किंवा तिरुपूरचा कपडेवाला बांगलादेश, व्हिएतनामशी झुंजतो आहे. तिथल्या कपडेवाल्यांना सूत स्वस्त पडतं. त्यात २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं. तयार कपडा विकायचा तर कच्चा माल तरी जगाच्या भावाने मिळू द्या, हे त्यांचं म्हणणं. रास्तच आहे. पण मग अमेरिकी कापूस पिकवणाऱ्याला त्याचं सरकार अनुदान देतं ते या 'जगाच्या भावात' धरायचं की नाही? तो शेतकरी अनुदान घेऊन बाजारात उतरतो, आमचा माणूस मक्त्याच्या वावरातून, तेही पावसाच्या भरवशावर. गिरणीला वाचवायचं असेल तर तिजोरीतून वाचवा. सगळ्यात कोरड्या खिशात हात कशाला?

एक गोष्ट शहरात बसून लक्षात येत नाही. कापूस म्हणजे फक्त रुई नाही. क्विंटलभर कापूस जिनमधून काढला की रुई निघते ३३-३४ किलो, आणि सरकी ६० किलोंच्या वर. जिनिंगवाला शेतकऱ्याला जो भाव देतो त्यात सरकीचा वाटा मोठा असतो. सरकीपासून तेल आणि ढेप. ३० मे २०२५ ला केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं. महागाई आटोक्यात ठेवण्यासाठी. तेल स्वस्त झालं की सरकी मोडते. म्हणजे त्याच बोंडाला आधी तेलाच्या बाजूने आणि मग धाग्याच्या बाजूने, तीन महिन्यांत दोनदा.

आणि हमीभाव? तो तर वाढलाच आहे, असं कुणीही म्हणेल. खरंच वाढलाय. लांब धाग्याला २०२५-२६ मध्ये ८,११० रुपये, आदल्या वर्षी ७,५२१. पण बाजार त्याच्या खाली असला की सगळा कापूस सीसीआयकडे पळतो. २०२४-२५ च्या हंगामात सीसीआयने देशभरात सुमारे १०० लाख गाठींचा कापूस घेतला, एकूण पिकाच्या साधारण तिसरा हिस्सा. एकाधिकार मोडून वीसहून जास्त वर्षं झाली तरी सगळ्यात मोठं गिऱ्हाईक पुन्हा सरकारच. फरक एवढाच की तेव्हा सरकारने प्रत्येकाचा कापूस घ्यायलाच हवा होता. आता ज्याचा सातबारा चढेल आणि ज्याचं यंत्र १२ च्या आत दाखवील, त्याचाच.

*

परतताना पुन्हा त्या वावराकडे गेले. दोन दिवसांत पाऊस पुन्हा आला होता. ओला कापूस घरात पसरला होता, पंखा लावून. ॲपवर घरच्या पाच एकरांची नोंदणी झाली होती. मक्त्याच्या चार एकरांसाठी मालकाला फोन लावला तर तो म्हणाला, माझ्या नावावर विकलास तर पैसे माझ्या खात्यात येतील, मग मला टॅक्सचं बघावं लागेल.

व्यापारी येऊन गेला होता. त्याने कापूस मुठीत दाबला, उघडला, गोळा तसाच राहिला हे दाखवलं आणि भाव सांगितला. हमीभावाहून बराच खाली. लेकाने विचारलं, सुकला की किती द्याल? व्यापारी म्हणाला, डिसेंबरपर्यंत बाहेरचा माल मोकळा आहे, पुढचं मी काय सांगू.

आजी आत सुनेला घेऊन खाट हलवत होती. मी मदतीला गेले तर म्हणाली, "राहू दे माय, तू कशाले." खाट ओसरीत आली. तिच्या जागी कापसाचा दुसरा ढीग पसरला.

"आज्जी, थंडीत बाहेर झोपाल का?" मी विचारलं.

"मंग कापसाले बाहेर झोपवू का?" ती म्हणाली आणि पंख्याची दिशा बदलायला आत गेली.